दारे-खिडक्यांचा तातडीचा बंदोबस्त : आष्टी परिसरातील ग्रामीण घरे

वादळ, गारपीट, पूर, भूकंप, आग किंवा दरोडा यांमुळे घराचे दार, खिडकी अथवा त्यांच्या चौकटी मोडल्या असता, कायमची दुरुस्ती होईपर्यंत ते उघडे पडलेले तोंड फळ्या, ताट्या, पत्रे, पोती वा माती यांच्या साहाय्याने बंद करण्याच्या क्रियेस तातडीचा बंदोबस्त म्हणता येईल. हे काम बहुधा त्याच दिवशी, पुष्कळदा त्याच रात्री आणि घरच्याच माणसांच्या हातून होते. त्याची नोंद ना सुताराच्या हिशेबात राहते, ना सरकारी दप्तरात. तरीही ग्रामीण घराच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे. कारण बाहेरचे संकट घरात येऊ नये आणि आतल्या माणसाला मात्र बाहेर पडता यावे, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ प्रत्येक पिढीने कसा घातला, हे त्यावरून कळते. मराठवाड्यातील जुन्या घराने पहिली गरज उत्तम रीतीने भागविली होती. दुसरीची आठवण १९९३ साली फार मोठी किंमत देऊन झाली.

आष्टी हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील, परतूरहून माजलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. (वर्धा, बीड, सोलापूर व गडचिरोली या जिल्ह्यांतही याच नावाची गावे असून, १८१८ मध्ये बापू गोखले ज्या लढाईत पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय.) १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे. गोदावरी व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत येथे कापूस, तूर आणि ज्वारी ही पिके पूर्वापार होत आली. या पिकांचा घराच्या दाराशी असलेला संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या व ज्वारीचा कडबा हेच शतकानुशतके मोडलेले दार झाकण्याचे साहित्य होते आणि ते प्रत्येक अंगणात रचून ठेवलेले असे.

जुन्या घराची रचना : गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मराठवाड्यात मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीखालची ही पांढरट, चिकण माती पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांचीच माती असून नव्या भिंतीसाठी आणि छतासाठी पुन्हा तीच वापरली जाई. पायथ्याशी काही फूट दगड, त्यावर मातीच्या भेंड्यांची किंवा दगड-मातीची जाड भिंत, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व किलचन आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाच्या घराची सर्वसाधारण मांडणी असते. घराचे मोजमाप खणांत सांगितले जाते. एका चौरस मीटर क्षेत्रावर फूटभर जाडीच्या मातीचे वजन सुमारे अर्धा टन भरते. हे ओझे उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि वावटळीत छत हलू देत नाही.

अशा भिंतीत मोठे भोक ठेवणे कठीण व धोक्याचे असल्याने आणि त्याची फारशी गरजही वाटत नसल्याने दर्शनी बाजूस एक दार व क्वचित एखादा उंचावरचा झरोका एवढीच तोंडे ठेवली जात. उजेड आणि हवा चौकातून किंवा माळवदातील भोकातून येई. या भोकास सवणे किंवा साणे असे म्हणतात. चुलीचा धूर त्यातून जाई, दुपारी उन्हाचा कवडसा खाली उतरे आणि पाऊस आला की घरातील कोणी तरी वर चढून त्यावर फरशीचा तुकडा वा पालथे मडके ठेवी. आपत्कालीन बंदोबस्ताचा हा सर्वांत साधा आणि सर्वांत नित्याचा प्रकार होय.

दार मात्र भक्कम असे. जाड फळ्यांची दोन कवाडे बिजागऱ्यांऐवजी पुष्कळदा वरखालच्या लाकडी खुंट्यांवर फिरत आणि ती नेहमी आतल्या बाजूस उघडत. कवाडांमागे भिंतीतील दोन खोबणींत बसणारा लाकडी अडसर असे. रात्री अडसर लावला की बाहेरून दार फोडणे हे दोघा-चौघांचे काम राहत नसे. पाटील-देशमुखांच्या वाड्यांना मोठा दरवाजा आणि त्यातच एका माणसाला वाकून जाता येईल अशी दिंडी असे. वाकून आत येणारा माणूस आतल्या पहारेकऱ्याच्या हाती सापडतो, हा तिचा मूळ उपयोग. पुढे तिच्याकडे केवळ सोय म्हणून पाहिले जाऊ लागले. गढीच्या बाबतीत तर तटाची उंच भिंत आणि एकच दरवाजा यांच्या आड सगळी वस्ती गोळा होऊ शके.

ज्यांच्या घराला कवाडेच नव्हती, त्यांची स्थिती अर्थातच वेगळी होती. मजूर, कारू-नारू आणि गावकुसाबाहेरील लोक यांच्या झोपड्यांना ताटी असे. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या बांधून, हवे तर वरून शेण-माती सारवून केलेली ही सरकती झडप. संत मुक्ताबाईंच्या नावावरील प्रसिद्ध रचनांना ‘ताटीचे अभंग’ हे नाव मिळाले, ते ज्ञानेश्वरांनी रागाने लावून घेतलेल्या अशाच ताटीवरून. ज्ञानेश्वरांचे पूर्वज गोदाकाठच्या आपेगावचे होते, हे लक्षात घेता ही वस्तू या प्रदेशाला किती काळ परिचित आहे याची कल्पना येते. एरव्ही गरिबाचे दार असलेली ताटी संकटसमयी श्रीमंताच्याही उपयोगी पडे. चौकट निखळली, कवाड जळाले किंवा वाळवीने खाल्ले, की सुतार येईपर्यंत गोठ्यातील ताटी आणून त्या जागी उभी केली जाई.

गावच्या सुताराकडून हे काम लगेच होईच असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेपद्धतीत सुताराची बांधीलकी मुख्यतः शेतीच्या अवजारांशी होती. घराच्या लाकूडकामाची मजुरी बहुधा वेगळी ठरे. पेरणीच्या तोंडावर सुताराच्या दारी पाभरी व वखर यांची रांग असताना मोडके कवाड मागे पडे. मृगाच्या आधीची वादळेही नेमकी त्याच दिवसांत येतात. त्यामुळे महिना-दोन महिने ताटीवर भागविणे ही सामान्य गोष्ट होती.

भीतीची कारणे : अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या प्रदेशाने सैन्यांची येजा आणि पेंढाऱ्यांची लूट दोन्ही पाहिली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज व मराठे यांच्यात झालेली असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्याच्याच हद्दीत झाली आणि १८०३–०४ मध्ये दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. १८१७–१८ च्या मोहिमेनंतर पेंढाऱ्यांचा बीमोड झाला. तथापि लहान खिडक्या, अडसर आणि गढी यांमागील सावधगिरी लोकांच्या अंगवळणी पडून गेली होती. लुटारू आल्याची वार्ता कळताच दाराआड जाते, उखळ व धान्याची पोती लोटून ठेवणे, धान्य जमिनीखालच्या पेवात लपविणे आणि झरोके दगड-मातीने चिणणे हे उपाय ग्रामीण भागात सर्वत्र परिचित होते. मातीने चिणलेले झरोके संकट टळल्यावर पुन्हा उघडले जात असेच नव्हे. जुन्या भिंतींत वेगळ्या रंगाच्या मातीचे जे चौकोन कधीकधी दिसतात, त्यांतील काहींचा उगम असाच असावा.

प्लेगने याच्या नेमके उलट केले. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही साथ पुढील वर्षांत दख्खनभर पसरली. उंदीर पडू लागले की गावे ओस पडत आणि लोक रानात कुडाच्या झोपड्या घालून राहत. मागे राहिलेल्या घरांची दारे बंद करून त्यांवर बाभळीच्या काट्या लावल्या जात. आत शिरू पाहणाऱ्या गुराला व भुरट्या चोराला त्या पुरेशा होत्या. त्याच काळात ब्रिटिश मुलखातील आरोग्य खात्याने कोंदट, अंधाऱ्या घरांवर ठपका ठेवला. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर तशा खुणा केल्या गेल्या आणि उजेड यावा म्हणून काही ठिकाणी छपरेही उघडली गेली. घराला मोठी खिडकी असावी, ही कल्पना महाराष्ट्रातील सुशिक्षितांत त्यानंतरच्या काळात दृढ झाली. शाळा व दवाखाने यांच्या इमारतींतून ती हळूहळू खेड्यांतही पोहोचली. ती निःसंशय हितकर होती. परंतु ज्या भिंतीत पूर्वी हातभर झरोका होता तेथे पुरुषभर उंचीचे भोक आले आणि ते मोडले तर झाकायचे कशाने हा प्रश्नही त्याबरोबर आला.

हैदराबाद संस्थानातील १९४७–४८ हे वर्ष मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात दीर्घकाळ ‘रझाकारी’ या एका शब्दाने ओळखले गेले. कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांनी संस्थानाबाहेर सरहद्दीवरील भागांत आश्रय घेतला. काहींनी नात्यागोत्याच्या मोठ्या गावांत किंवा गढ्यांत दिवस काढले. अडसर, दिंडी आणि गढीचा दरवाजा यांचा मूळ अर्थ या वर्षात पुन्हा जिवंत झाला. मात्र जाळपोळीपुढे लाकडी दाराचा निभाव लागत नाही. मातीने लिंपलेले दार तेवढे काही काळ तग धरते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर परतलेल्या कुटुंबांना आपली घरे बिनकवाडांची आढळली असल्यास नवल नाही. उत्तम सागवानी कवाड ही त्या काळी घरातील सर्वांत मौल्यवान आणि सहज उचलून नेता येणारी वस्तू होती.

पत्रा आणि काच : स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत घर बदलले, ते बहुतेक छतापासून. जंगले आटल्याने तुळयांचे लाकूड महागले, दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकण्याचे कष्ट नकोसे झाले आणि नालीदार पत्रा तालुक्याच्या बाजारात मिळू लागला. अर्धा मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलोग्रॅम असते. अर्ध्या टनाच्या जागी ते आले आणि घराचे शत्रू बदलले. पूर्वी गळती व वाळवी यांची चिंता असे. आता वाऱ्याची चिंता वाटू लागली.

वारा पत्रा कसा उडवितो याविषयी एक समजूत सर्वत्र आढळते, ती अशी की वारा पत्र्याखाली शिरतो आणि तो वर ढकलतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. वेगाने वाहणारा वारा छपरावरून जाताना वरून ओढ निर्माण करतो. तेवढ्याने चांगले बांधलेले छप्पर बहुधा जात नाही. परंतु वाऱ्याच्या दिशेकडील दार किंवा खिडकी फुटली, तर हवा घरात कोंडून आतील दाब वाढतो आणि वरची ओढ व खालचा रेटा एकत्र येऊन पत्रे उचलले जातात. म्हणून वादळात फुटलेली खिडकी ही केवळ पाऊस आत येण्याची बाब नसते. ती वेळीच बंद केली तर छप्पर वाचण्याचा संभव वाढतो. पत्र्यावर ठेवलेले दगड मात्र फारसे उपयोगी पडत नाहीत. पत्रा उचलला गेला की तेच खाली झोपलेल्यांवर पडतात आणि दर वर्षीच्या वळवाच्या पावसात अशा दुर्घटना घडतात.

काच त्यामानाने उशिरा आली. लोखंडी सळ्या आणि लाकडी झडपा असलेली खिडकी १९७० नंतरही ग्रामीण भागात प्रचलित होती. काचेची तावदाने, लोखंडी चौकटी आणि पुढे सरकत्या काचा ही विटा-सिमेंटच्या घरांबरोबर आलेली सामग्री होय. झडप मोडली तर तिची एक फळी बदलता येते. फुटलेल्या तावदानाचे तसे नाही : ते मोजून, शहरातून आणून बसवावे लागते आणि तोवर चौकट मोकळीच राहते. दरम्यान अंगणातील तुराट्यांचा ढीगही नाहीसा झाला होता. पऱ्हाट्या व तुराट्या सरपणात जात, कडबा जनावरांना लागे. ताटी विणणारे हात म्हातारे झाले. तात्पुरत्या बंदोबस्ताचे साहित्य, म्हणजे ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, खतांची रिकामी पोती, पत्र्याचे तुकडे आणि प्लायवुड, बाजारातून येऊ लागले आणि संकटाच्या दिवशी बाजार बंद असतो.

किल्लारीचा भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. गणेशविसर्जनाचा दिवस नुकताच उलटला होता आणि बहुतेक लोक घरात झोपलेले होते. किल्लारी हे गाव आष्टीपासून बरेच दक्षिणेस आहे. परंतु दोन्हीकडील जुन्या घरांचे कूळ एकच असल्याने या घटनेचा धडा साऱ्या मराठवाड्याला लागू पडतो. भारताच्या तेव्हाच्या भूकंपक्षेत्र नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता.

मृत्यूंचे मुख्य कारण भिंती आणि माळवदे कोसळणे हे होते. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती प्रत्यक्षात आतील व बाहेरील अशा दोन पातळ थरांच्या असत. त्यांच्यामध्ये माती व खडी भरलेली आणि दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले. हादऱ्यासरशी थर एकमेकांपासून सुटले. ज्या घरांत छताचे ओझे लाकडी खांबांवर होते, तेथे कित्येक ठिकाणी भिंत पडली पण छत उभे राहिले. जुन्या सुतारांच्या कौशल्याची ही अनपेक्षित पावती म्हणावी लागेल.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून लहान पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे दारांचे वर्तन. भिंत तिरकी होताच चौकट काटकोनात राहत नाही आणि कवाड चौकटीत आवळले जाते. दार आत उघडणारे असेल व त्याच्यामागे दोन टोपल्या माती जरी पडली, तरी ते उघडत नाही. खिडकी म्हणाल तर ती उंच, हातभर आणि सळ्यांची. चोर, लुटारू आणि रझाकार यांना अडविण्यासाठी पिढ्यान् पिढ्या परिपूर्ण होत गेलेली रचना अशा प्रसंगी आतल्या माणसालाच अडविते. जुन्या गृहरचनेचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

भूकंपानंतर लोक शाबूत घरातही झोपेनात. तडा गेलेल्या घरांपुढे, चौकात, शेतात ताडपत्र्यांची पाले उभी राहिली, पुढे पत्र्यांचे तात्पुरते निवारे आले. ढिगाऱ्यातून सर्वांत आधी वाचविल्या गेलेल्या वस्तूंत कवाडे, चौकटी आणि तुळया होत्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांची नव्या जागी उभारणी आणि याशिवाय सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचा समावेश होता. भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच मातीची घरे, कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या इमारती आणि इमारतींची भूकंपोत्तर दुरुस्ती यांविषयी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. मातीच्या भिंतीतील दार-खिडकीची रुंदी १·२० मी.पेक्षा अधिक असू नये, ती कोपऱ्यापासून तितकीच दूर असावी, अशा स्वरूपाच्या सूचना त्यांत आहेत. नको असलेली खिडकी पक्क्या बांधकामाने बुजविणे हा भिंत बळकट करण्याचा एक मान्य उपाय ठरला. म्हणजे पेंढाऱ्यांच्या भीतीने झरोका चिणणाऱ्या जुन्या गृहस्थाने अजाणता अभियंत्याचेच काम केले होते, असे म्हणता येईल. फरक इतकाच की मानकांना बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी असते.

गारपीट आणि अतिवृष्टी : एकविसाव्या शतकात या भागातील दारे-खिडक्या फोडण्याचे काम मुख्यतः गारपिटीने केले आहे. फेब्रुवारी व मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात अनेक दिवस गारपीट झाली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी सकाळी जालना जिल्ह्यातही जोरदार गारा पडल्या. या दोन्ही प्रसंगी चर्चा झाली ती गहू, हरभरा, द्राक्षे आणि मोसंबी यांच्या नुकसानीची, आणि ते स्वाभाविक होते. तिरप्या वाऱ्याने येणारी गार मात्र पिकाबरोबर तावदान, कौल आणि सिमेंटचा पत्राही फोडते. सिमेंटच्या पत्र्याला पडलेले भोक खालून पोते लावून थांबत नाही, ते वरूनच झाकावे लागते आणि गारांनी तडकलेल्या पत्र्यावर चढणे हे मूळ नुकसानीपेक्षाही घातक ठरू शकते.

पुराच्या प्रसंगी दार बंद करण्याची पद्धत निराळी असते. उंबरठ्यावर माती भरलेली पोती रचून पाणी थोपविणे वीट-सिमेंटच्या घरात काही वेळ साधते. मातीच्या भिंतीच्या घरात मात्र बाहेर तुंबलेले पाणी भिंतीचा पाया भिजवून ती बसविते, म्हणून तेथे दार अडविण्यापेक्षा घर रिकामे करणे शहाणपणाचे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्याच्या नदीकाठच्या गावांना याचा पुन्हा अनुभव आला. २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले सुमारे ४·५ तीव्रतेचे भूकंपही शेजारच्या जिल्ह्यांत जाणवले. त्यांनी पडझड थोडी केली, पण रात्री अडसर लावावा की नाही, हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला.

कामाची रीत : मोडलेले तोंड झाकण्यापूर्वी भिंत पाहणे आवश्यक असते. भिंतीतील तडे बहुधा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके निघतात. कारण भोकामुळे भिंत तेथेच कमकुवत झालेली असते. तडा आरपार असेल, भिंत फुगली असेल किंवा चौकटीवरील लाकूड खाली आले असेल, तर त्या भिंतीला फळ्या ठोकल्याने काहीही साधत नाही, उलट ठोकण्याच्या हादऱ्याने ती पडू शकते. अशा वेळी चौकटीत उभे टेकू देऊन भार पेलला जातो आणि माणसे दुसरीकडे हलविली जातात.

भिंत शाबूत असेल तर चौकटीच्या लाकडात खिळे मारून फळ्या आडव्या बसवितात. सुरुवात खालून होते आणि वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवितात, म्हणजे पावसाचे पाणी बाहेरच्या बाजूने ओघळून जाते. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. तेथे जुनी युक्ती अधिक उपयोगाची : एक दांडके आतून व एक बाहेरून आडवे धरून, मध्ये ताटी किंवा पत्रा ठेवून, दोन्ही दांडकी तारेने वा सुताळीने एकमेकांकडे आवळणे. दांडकी भोकापेक्षा हातभर लांब असली की वारा कोणत्याही बाजूने आला तरी झडप निघत नाही. चौकट मुळीच राहिली नसेल तर बाज उभी करून तिला पोती शिवली जातात. बाजेचा असा उपयोग आष्टीसारख्या गावांतच नव्हे, तर साऱ्या देशावर परिचित आहे. सुट्या दगडांनी किंवा विटांनी, चिखल-सिमेंटशिवाय, तोंड रचून बंद करणे मात्र टाळावयास हवे. असा थर पहिल्या धक्क्याला आत झोपलेल्यांच्या अंगावर येतो.

दोन पथ्ये जुन्या घरात आपोआप पाळली जात आणि नव्या घरात विसरली जातात. पहिले हवेचे. सवण्यामुळे चुलीच्या धुराला वाट असे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत सर्व खिडक्या प्लास्टिकने बंद करून आत शेगडी पेटविली, तर विषारी वायू साचतो. म्हणून झाकलेल्या खिडकीच्या वरच्या कडेला चार बोटांची फट ठेवणे इष्ट असते. दुसरे पथ्य वाटेचे. घराला एकच दार असेल आणि तेच मोडले असेल, तर ते ठोकून बंद न करता ताटीसारखे आतून एका हाताने हटविता येईल असेच बंद करावे लागते. या बाबतीत गरिबाची ताटी वाड्याच्या अडसराहून श्रेष्ठ ठरते.

पंचनामा : शासकीय मदतीच्या हिशेबात दार-खिडकीला स्वतंत्र स्थान नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२–२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये व कच्च्या घरासाठी ४,००० रुपये अशी तरतूद करण्यात आली. दोन खिडक्या आणि एक दार गेलेले घर पुष्कळदा या मर्यादेच्या अलीकडेच राहते, मग त्या घरातील बाई-माणसांची रात्र कशीही गेलेली असो. शिवाय तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) येऊन पंचनामा करीपर्यंत मोडतोड जशीच्या तशी ठेवावी, नाही तर मदत बुडेल, अशी धास्ती खेड्यांत असते आणि तिच्यापायी कुटुंबे दिवसचे दिवस उघड्या चौकटीमागे काढतात. वास्तविक तात्पुरता बंदोबस्त नुकसानीचा पुरावा नष्ट करीत नाही. मोडलेली चौकट, कवाडाचे तुकडे आणि फुटलेल्या काचा एका बाजूस राखून ठेवल्या व झाकण्यापूर्वी छायाचित्र घेतले, तर पंचनाम्यास पुरेसा आधार राहतो. भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचल्यापासून हे छायाचित्र बहुधा घरातील शाळकरी मुलेच काढतात, आणि अंगणात एखादी तुराट्यांची पेंढी शिल्लक असेल तर ताटी कशी बांधावयाची ते त्यांना आजी दाखविते.